एकटीचे रामायण आणि साडेचारशेंचे रामायण

'चित्रपट' हा शब्द आपण नित्य वापरतो. पण त्याचा मूळ अर्थ आपल्या लक्षात राहिलेला नाही. ज्यावर चित्रे काढली आहेत असा पट, म्हणजे रंगविलेले वस्त्र, हा तो अर्थ. जिवंत माणसांच्या हालचाली यंत्राने टिपून जो खेळ तयार होतो त्याला हे नाव केवळ उपचाराने मिळाले. ज्यातील प्रत्येक हालचाल कोणाच्या तरी हाताने निर्माण केलेली असते, तोच खरा चित्रपट. त्याला आज सर्वत्र ॲनिमेशनपट म्हणतात, आणि रूढ झालेल्या शब्दाशी भांडण्यात अर्थ नसल्यामुळे आम्हीही येथे तोच शब्द वापरणार आहोत.

आपल्या देवस्थानांच्या व सांस्कृतिक मंडळांच्या बैठकींतून हल्ली अशी इच्छा अधूनमधून बोलून दाखविली जाते की, कुलदेवतेची एखादी आख्यायिका किंवा एखाद्या संताचे चरित्र ॲनिमेशनपटाच्या रूपाने मुलांपुढे यावे. इच्छा स्तुत्य आहे. पण तिच्या पाठोपाठ जो प्रश्न येतो तो बहुधा एकच असतो: खर्च किती येईल? आमच्या मते हा दुसरा प्रश्न होय. पहिला प्रश्न, हात किती आणि कोणाचे, हा आहे. एखाद्या मोठ्या कंपनीच्या पाठबळावाचून, स्वतंत्रपणे काढावयाच्या ॲनिमेशनपटात माणसांची जुळवाजुळव ही केवळ व्यवस्थापनाची बाब नसते. तो त्या कृतीचा पहिला खर्डाच असतो. किती हात कामाला लागणार हे ठरले की चित्राची शैली पुष्कळशी ठरते. आणि इतकेच नव्हे, तर त्या चित्रपटाला कोणता प्रश्न विचारता येईल आणि कोणता टाळावा लागेल, हेही काही अंशी ठरून जाते. रामकथेवरील दोन ॲनिमेशनपट शेजारीशेजारी ठेवून हे विधान आम्ही तपासून पाहणार आहोत.

प्रथम थोडे गणित. पडद्यावर एका सेकंदात २४ चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटी धरून ठेवण्याची काटकसरीची पद्धत पत्करली, तरी एका हलत्या पात्रासाठी सेकंदाला १२ चित्रे लागतात. ८० मिनिटांच्या पटाचे सेकंद ४,८०० आणि चित्रे ५७,६००. आणि हा हिशोब पडद्यावर एकच पात्र हलते असे धरून. मागील देखावे, रंग, सावल्या यांची मोजदाद वेगळीच. आता असे धरून चालू की, एक कुशल चित्रकार आठवड्यास पाच सेकंदांचे समाधानकारक काम देतो. मग एकट्याला हा पट पुरा करण्यास ९६० आठवडे, म्हणजे अठरा वर्षांहून अधिक काळ लागेल. साठ जणांना सोळा आठवडे पुरतील. कागदावर साठांची बाजू निर्विवाद जिंकते. व्यवहारात मात्र साठ हातांनी काढलेला एकच राम साठ निरनिराळ्या रामांसारखा दिसू नये, यासाठी पात्रांचे नमुनातक्ते लागतात, मुख्य मुद्रा काढणारे श्रेष्ठ चित्रकार लागतात, दोन मुद्रांमधील चित्रे भरणारे साहाय्यक लागतात आणि त्या सर्वांचे काम तपासून परत पाठविणारा कोणीतरी कठोर मनुष्य लागतो. म्हणजे हात वाढले की हातांवर देखरेख करणारे हातही वाढतात. स्वतंत्र निर्मात्याची खरी परीक्षा येथे असते.

आता पहिले रामायण. 'रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम' हा पट जपानचे युगो साको यांच्या ध्यासातून निर्माण झाला. १९८३ च्या सुमारास उत्तर प्रदेशातील रामायणकालीन स्थळांच्या उत्खननावर माहितीपट करीत असताना साको यांचा या कथेशी परिचय झाला आणि त्यांनी तिच्या अनेक जपानी आवृत्त्या वाचून काढल्या. एक परकीय मनुष्य रामायण चित्रित करीत आहे या वार्तेने विश्व हिंदू परिषदेचा आक्षेप ओढवून घेतला. साको यांनी तो समजूत घालून दूर केला. पुढे भारत सरकारकडून अपेक्षित सहकार्य न मिळाल्यामुळे कामाचे मुख्य केंद्र जपानात राहिले. दिग्दर्शनात साको यांच्याबरोबर कोइची सासाकी आणि भारतीय ॲनिमेशनचे आद्य पुरुष राम मोहन होते. संगीत वनराज भाटिया यांचे. सुमारे साडेचारशे कलावंतांनी हातांनी चितारलेल्या एक लाखाच्या घरातील पारदर्शक पत्र्यांवर हा पट उभा राहिला. जानेवारी १९९३ मध्ये भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, दिल्लीस, तो दाखविला गेला. २४ जानेवारी २०२५ रोजी तो नव्या, अधिक स्वच्छ प्रतीच्या रूपाने भारतातील चित्रपटगृहांत पुन्हा आला, आणि लहानपणी दूरदर्शनसंचावर तो पाहिलेले कितीतरी जण आपल्या मुलांना घेऊन तो पाहावयास गेले.

साडेचारशे हातांचे गुण या पटात पदोपदी दिसतात. मिथिलेची गर्दी, वानरसेनेचा सागर, लंकेचे जळते प्राकार हे सारे एकट्यादुकट्याच्या आवाक्यातले नव्हते. धोतराची नेसण कशी असते, वडिलांना नमस्कार कसा करतात, मांडी घालून कसे बसतात, हे जपानी चित्रकारांना भारतीय सहकाऱ्यांनी समजावून द्यावे, आणि ते त्यांनी इतक्या निष्ठेने शिकून घ्यावे की पाहणाऱ्याला परकेपणाचा स्पर्शही जाणवू नये, ही सामान्य गोष्ट नव्हे. देवाला नमस्कार करणारा हात कसा जोडला जातो हे चित्रकाराला ठाऊक नसेल, तर सारी भक्ती फुकट जाते. साको यांच्या जुळवाजुळवीत ज्ञान देणारे आणि रेषा काढणारे यांची जी सांगड घातली गेली ती अनुकरणीय आहे.

दुसरे रामायण 'सीता सिंग्ज द ब्लूज'. ते २००८ साली पुरे झाले. अमेरिकेतील नीना पेली या व्यंगचित्रकार स्त्रीने ते लिहिले, दिग्दर्शित केले, स्वतः निर्माण केले आणि त्यातील जवळजवळ सर्व चित्रे आपल्या घरगुती संगणकावर स्वतः हालविली. पट ८२ मिनिटांचा. काम सुमारे पाच वर्षांचे. पतीच्या नोकरीमुळे ती २००२ साली तिरुवनंतपुरम येथे आली, तेथे तिची रामायणाशी ओळख झाली, आणि काही दिवसांसाठी ती न्यूयॉर्कला गेली असता पतीने ई-मेलने तिच्याशी संबंध तोडला. हे तिचे दुःख तिने सीतेच्या दुःखाशेजारी मांडले आणि दोहींच्या मधून ॲनेट हॅनशॉ या १९२० च्या दशकातील अमेरिकन गायिकेचा आवाज खेळविला. २००८ च्या बर्लिन महोत्सवात हा पट दाखविला गेला आणि आन्सी येथील ॲनिमेशन महोत्सवात त्याला त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट दीर्घपटाचा पुरस्कार मिळाला.

आमच्या गणिताप्रमाणे एकट्याला अठरा वर्षे लागावयास हवीत, ती पाचांत कशी आटोपली? याचे उत्तर शैलीत आहे. पेलीने एकाच पटात चार निरनिराळ्या रीती योजल्या. गाण्यांच्या प्रसंगी सीता वर्तुळे व वळणदार रेषा यांनी घडविलेली बाहुली आहे. तिचे अवयव सुटे आहेत आणि तेच ते पुन्हा पुन्हा वापरता येतात. कथेच्या संवादांत राजपूत शैलीच्या लघुचित्रांसारखी, जवळजवळ स्थिर चित्रे आहेत; त्यांत ओठ हलले की काम झाले. निवेदन तीन छायाबाहुल्या करतात, आणि त्यांना हात-मान यांपलीकडे हालचाल नाही. तिच्या स्वतःच्या संसाराचे प्रसंग थरथरत्या, कच्च्या रेषेत आहेत. अग्निपरीक्षेच्या एका प्रसंगात मात्र रीना शाह या नर्तकीच्या प्रत्यक्ष नृत्यावरून रेषा काढल्या आहेत. सीतेचा आवाजही याच कलावतीचा. जेथे हात कमी तेथे कल्पकता अधिक खर्चावी लागते, आणि जेथे खरोखर श्रम ओतावयाचे ते ठिकाण आधी निवडून ठेवावे लागते. पेलीने ते ठिकाण अग्नीचे निवडले. काटकसरीचा इतका अर्थपूर्ण उपयोग मोठ्या भांडवलाच्या पटांतही क्वचित आढळतो.

आता तुलनेचा गाभा. साडेचारशेंच्या रामायणाचा शेवट रावणवध आणि अयोध्येकडे परतणे येथे होतो. उत्तरकांडातील सीतात्यागाला त्यात स्थान नाही. एकटीचे रामायण सीतेच्या त्यागाभोवतीच रचलेले आहे. म्हणजे एका पटाने जो प्रश्न दाराबाहेर ठेवला, तोच दुसऱ्याने देव्हाऱ्यात आणून बसविला! केवळ मनुष्यबळामुळे असे घडले, असे आम्ही म्हणत नाही. आपल्याकडील कित्येक कीर्तनकारही राज्याभिषेकाशी आख्यान आवरते घेतात, आणि त्याला परंपरेचा आधार आहे. परंतु दोन देश, दोन भाषा, दोन समाजांची संवेदनशीलता आणि शेकडो माणसांचे पगार ज्या योजनेवर अवलंबून आहेत, तिला सर्वांना मान्य होईल असाच शेवट निवडावा लागतो, हे उघड आहे. उलट जिला कोणालाच विचारावयाचे नाही, तिला सर्वांत अडचणीचा प्रश्न विचारण्याची मुभा असते. पहिल्या पटाचा मोठेपणा सर्वसंमतीचा आहे, दुसऱ्याचा धाडसाचा. आणि दोहोंची किंमत दोघांनाही मोजावी लागली आहे.

साको-सासाकी-राम मोहन यांच्या पटात राम इतका निर्दोष, इतका गुळगुळीत झाला आहे की, वालीच्या वधासारख्या प्रसंगी मनाला जी टोचणी लागावी ती लागत नाही. सीता सुंदर आहे, धीरोदात्त आहे. पण अशोकवनातील तिच्या एकटेपणाला कोणाच्याही हाताचे वळण नाही. तेथे साडेचारशे हात आहेत, पण एकही हस्ताक्षर नाही. पेलीच्या पटात याच्या नेमके उलट झाले आहे. तेथे हस्ताक्षर आहे आणि फक्त तेच आहे. राम हा तिच्या दुरावलेल्या पतीची सावली होऊन बसतो. राजधर्म आणि पतिधर्म यांच्या कात्रीत सापडलेला मनुष्य तेथे दिसतच नाही. भवभूतीने उत्तररामचरितात ज्या रामाला रडविले, त्या रामाशी या बाईची गाठच पडलेली नाही. शेजारी बसून 'थांब, येथे दुसरी बाजूही आहे' असे सांगणारा एखादा सहकारी असता, तर हा पट लहान झाला नसता. अधिक खोल झाला असता. एकट्याच्या कामातील सर्वांत मोठी उणीव वेळेची नव्हे, विरोधाची असते.

या पटावर काही हिंदू संघटनांनी आक्षेप घेतला, आणि आमच्या वाचकांपैकी काहींनाही तो रुचणार नाही. त्यांच्या भावनेचा आम्ही अनादर करीत नाही. तथापि एक गोष्ट विचारात घ्यावी. ज्या तीन छायाबाहुल्यांच्या गप्पांमुळे सर्वांत अधिक राग आला, त्या गप्पा लिहिलेल्या नव्हत्या. भारतीय वंशाच्या तिघांना एकत्र बसवून, रामायण जसे आठवेल तसे सांगावयास लावून, ते ध्वनिमुद्रित केले आणि मागाहून त्यांवर बाहुल्या हालविल्या. कोणी नाव चुकतो, कोणी दुरुस्त करतो, कोणी शंका काढतो. आपल्या देवळांच्या प्रांगणात रात्र जागविणारा दशावतारी काला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही रीत नवी वाटू नये. तेथेही संवाद लिहिलेले नसतात. पात्रे उभ्या उभ्या बोलतात, आणि संकासुराच्या तोंडून निघणारी थट्टा देवाच्या दारातच चालते. फरक आहे तो उपस्थितांचा. दशावतारात थट्टेनंतर देव प्रकट होतो आणि सभा हात जोडते. पेलीच्या पटात थट्टेनंतर गाणे सुरू होते. आक्षेप घ्यावयाचाच तर थट्टेवर घेऊ नये, देव प्रकट न होण्यावर घ्यावा. तो टीकेचा रास्त मुद्दा आहे.

छायाबाहुल्यांचा उल्लेख आला म्हणून, थोड्या हातांनी मोठी कथा सांगण्याची आपली स्वतःची विद्याही आठवावी लागते. गोव्याच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या, कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या असे तिन्ही खेळ सावंतवाडी संस्थानच्या आश्रयाने जोपासले. त्यांपैकी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रकथीत रामायण-महाभारतातील एकेका आख्यानाची 'पोथी' असते. ती सुट्या चित्रांची असते आणि निवेदक वाद्यांच्या साथीने एकेक चित्र पुढे धरून कथा सांगतो. चित्र हलत नाही; हलतो तो आवाज. कर्नाटकातील किळ्ळेक्यात आणि तमिळनाडूतील मंडीकर या चामड्याच्या बाहुल्या नाचविणाऱ्या घराण्यांची घरची बोली आजही मराठीचीच एक बोली आहे, ही गोष्ट महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसांनी अभिमानाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. या खेळांत एक कुटुंब म्हणजे एक संपूर्ण संस्था. कर्ता पुरुष बाहुल्या नाचवितो आणि पुरुषपात्रांचे बोलतो, घरातील स्त्री स्त्रीपात्रांचे बोलते आणि गाते, मुले वाद्ये सांभाळतात. बाहुल्या वारसाने येतात. त्यामुळे प्रत्येक खेळासाठी नव्याने चित्रे काढण्याचा खर्च नाही. सुटे अवयव, मोजक्या हालचाली, आवाजावर भिस्त आणि तीच चित्रे पुन्हा वापरणे ही पेलीच्या काटकसरीची चारही सूत्रे या पेटाऱ्यात पूर्वीपासून आहेत.

पाश्चात्त्य देशांतही दीर्घ ॲनिमेशनपटाचा आरंभ सावलीतूनच झाला. आज उपलब्ध असलेल्या दीर्घ ॲनिमेशनपटांतील सर्वांत जुना, लोट्टे रायनिगर या जर्मन स्त्रीचा राजपुत्र अख्मेदच्या साहसांवरील पट, १९२६ सालचा. लुई हागेन या सावकाराने चलनफुगवट्याच्या भीतीने कच्ची फिल्म विकत घेऊन ठेवली होती. ती त्याने तिला दिली आणि पॉट्सडॅम येथील आपल्या गाडीखान्याच्या माळ्यावर जागाही दिली. १९२३ ते १९२६ अशी तीन वर्षे काम चालले. काळ्या कागदाच्या आकृती ती स्वतः कातरीत असे. पती कार्ल कोख कॅमेरा सांभाळी. जादूचे देखावे वाल्टर रुटमान यांच्याकडे, समुद्राच्या लाटा बर्थोल्ड बार्टोश यांच्याकडे. येथे दोन्ही टोकांच्या मधला मार्ग दिसतो. हात पाचसहा, पण प्रत्येकाचे प्रांत वेगळे. आणि मुख्य आकृतीवर एकाचाच हात. लाट वेगळ्या माणसाची असली तरी चालते, राजपुत्राची मान मात्र एकाच कात्रीने कातरलेली असावी लागते.

हा मधला मार्ग आपल्या काळातही कलावंतांना सापडत आहे. मुंबईच्या गीतांजली राव यांनी 'प्रिंटेड रेनबो' हा लघुपट एकटीच्या हातांनी चितारला आणि २००६ साली कान येथे त्याला तीन पुरस्कार मिळाले. २०१४ साली त्यांनी मुंबईतील प्रेमाची एक छोटी कथा निःशब्द लघुपटात करून पाहिली. त्याच बीजातून 'बॉम्बे रोझ' हा दीर्घपट वाढला आणि २०१९ साली व्हेनिस येथे दाखविला गेला. त्यावर सुमारे साठ चित्रकारांनी अठरा महिने चौकटीमागून चौकट रंगविली. लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिस यांनी 'अवे' हा २०१९ चा दीर्घपट एकट्याने केला. त्यानंतर 'फ्लो' हा २०२४ चा पट त्यांनी लॅटव्हिया, फ्रान्स व बेल्जियम येथील सहकाऱ्यांच्या साहाय्याने, फुकट मिळणाऱ्या 'ब्लेंडर' या संगणकसाधनावर तयार केला, आणि २०२५ च्या मार्चमध्ये त्याला ऑस्कर पारितोषिक मिळाले. 'फ्लो'ची कथा एकट्याने राहणाऱ्या मांजराला महापुरात इतर प्राण्यांबरोबर एका नावेत बसण्यास शिकविते. एकट्याने काम करणाऱ्या कलावंताने सहकाऱ्यांवर विसंबणे शिकावे, ही निर्मितीची गोष्टच येथे कथेचा विषय झाली आहे. आमच्या प्रतिपादनाला याहून बोलका दाखला हवा कशाला?

या उदाहरणांतून योजनेचा एक नियम निघतो: प्रथम लहान नमुना, मग दीर्घ कृती. तो नियमही आपल्याकडे जुना आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली, 'राजा हरिश्चंद्रा'साठी भांडवल जमविण्याआधी, रोपाच्या अंकुराची वाढ चौकटीमागून चौकट टिपून एक चिमुकला पट केला आणि तो दाखवून सावकाराचे मन वळविले. सरस्वतीबाईंनी त्या काळी जे हात दिले, ते कोणत्याही वेतनपत्रकात नसले तरी इतिहासात आहेत. नमुना दाखविल्यावाचून जो दोन तासांच्या पटाचे वचन देतो, त्याच्या वचनावर देवस्थानचा निधी सोपविणे विश्वस्तांच्या कर्तव्याला धरून नाही.

आता व्यवसायाने आमच्या अधिक जवळच्या विषयाकडे वळतो, तो म्हणजे कागदपत्रे. पेलीच्या पटाची सर्वांत मोठी आपत्ती चित्रांतून आली नाही, गाण्यांतून आली. हॅनशॉच्या जुन्या ध्वनिमुद्रणांना त्या वेळी अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याचे संरक्षण नव्हते. पण त्या गाण्यांच्या मूळ शब्द-स्वररचनांवर हक्क जिवंत होते. एकाच तबकडीत दोन मालक असतात, हे सामान्य माणसाच्या लक्षात येत नाही. हक्कधारकांनी प्रथम सुमारे २,२०,००० डॉलर मागितले. वाटाघाटींनंतर आकडा ५०,००० डॉलरच्या आसपास आला आणि तोही तिने कर्ज काढून भरला. जिवंत माणसांच्या चित्रपटात एखादे गाणे नडले तर ते बदलता येते. ॲनिमेशनपटात ते बदलणे म्हणजे इमारत तशीच ठेवून पाया बदलणे होय. कारण येथे आवाज आधी आणि चित्र नंतर असते. प्रत्येक ओठ त्या एका आवाजाबरोबर हललेला असतो. २००९ च्या मार्चमध्ये तिने हा पट कोणालाही विनामूल्य पाहण्यास, देण्यास मोकळा केला आणि २०१३ साली उरलेसुरले हक्कही सोडून दिले. १९२९ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या रचना १ जानेवारी २०२५ पर्यंत अमेरिकेत सर्वांसाठी खुल्या झालेल्या आहेत. कायद्याचे चक्र फिरते, पण कलावंताच्या आयुष्याच्या गतीने फिरत नाही.

आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू आहे. त्यानुसार चित्रपटाचा 'कर्ता' निर्माता असतो. पण चित्रपटात अंतर्भूत झालेली संहिता, गीत, संगीत आणि रेखाचित्रे यांचे कर्ते वेगळे असतात. २०१२ च्या दुरुस्तीने कलम १७ ला परंतुक जोडले, आणि चित्रपटात सामावलेल्या मूळ साहित्यकृती, नाट्यकृती, संगीतकृती व कलाकृती यांच्या कर्त्यांच्या हक्काला नोकरी किंवा मोबदला यांविषयीच्या पोटकलमांनी बाध येऊ नये असे ठरविले. म्हणून 'मी पैसे दिले, तेव्हा चित्र माझे' ही समजूत धोक्याची आहे. हक्क लेखी व स्वाक्षरीनिशीच हस्तांतरित होतात. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षांची धरली जाते; प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. ज्या मंडळाने कौतुकाच्या भरात, तोंडी बोलीवर चार होतकरू चित्रकारांकडून देवाची चित्रे काढवून घेतली, त्याच्या हाती सहाव्या वर्षी काय उरेल, आणि परदेशी असलेल्या आपल्या बांधवांना तो पट दाखविताना त्याची काय पंचाईत होईल, याचा विचार विश्वस्तांनीच करावा.

पण कायदा सांगतो तेवढ्यावर थांबू नये. त्याच दुरुस्तीने चित्रपटातील साहित्यकृती आणि संगीतकृती यांच्या कर्त्यांना रॉयल्टीचा असा हक्क दिला आहे की, तो त्यांना निर्मात्यासाठी सोडूनही देता येत नाही. म्हणजे गीतकार आणि संगीतकार यांची सोय झाली. ज्याने देवाची मूर्ती रेषेत उभी केली, त्या चित्रकाराचे नाव त्या परंतुकात नाही. ज्या कलेत सर्वस्व रेषा हेच आहे, तिच्यात रेषेचा कर्ताच या संरक्षणाबाहेर राहावा, ही गोष्ट आम्हांस न्याय्य वाटत नाही. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर लहान संस्थेने आपल्या करारात स्वतःहून दोन गोष्टी लिहाव्यात: उत्पन्न झाल्यास मुख्य चित्रकारांना त्यातील ठराविक वाटा, आणि दोन मुद्रांमधली चित्रे भरणाऱ्या साहाय्यकापर्यंत प्रत्येकाचे नाव पडद्यावर. देवळाच्या पायरीवर दात्याचे नाव कोरणारा आपला समाज आहे. देवाचा चेहरा रेखाटणाऱ्याचे नाव त्याला जड होऊ नये.

सारांश, ज्या मंडळांच्या मनात असा पट काढावयाचे आहे त्यांनी क्रम उलटा धरू नये. आधी कथेतील कोणता प्रश्न आपणांस विचारावयाचा आहे हे ठरवावे. तो प्रश्न झेपेल असे हात मोजावेत. त्या हातांना झेपेल अशी शैली निवडावी. मुख्य पात्राची रेषा एकाच्या हाती ठेवावी, आणि त्याच्या शेजारी त्याला अडविण्याचा अधिकार असलेला एक जाणता मनुष्य बसवावा. पाच मिनिटांचा नमुना करून तो आपल्याच लोकांपुढे दाखवावा. आवाज आणि गाणी यांचे करार पहिली रेषा काढण्यापूर्वी पुरे करावेत. आणि त्यानंतर खजिनदाराला विचारावे की, पैसे किती आहेत. पैसे कमी निघाले तर हात कमी करावेत आणि कथा लहान करावी. पण अधिक हातांची कथा कमी हातांच्या माथी मारू नये. शेकडो तासांची अपुरी चित्रे कपाटात पडून राहिली, तर देवस्थानचे द्रव्य जाते आणि त्याहून वाईट म्हणजे चार तरुण चित्रकारांची उमेद जाते.

दोन्ही रामायणे आम्हांला हवी आहेत. मुलांना साडेचारशेंचे दाखवावे. ते निर्मळ आहे, भव्य आहे, आणि एका परदेशी मनुष्याने आपल्या देवावर केलेल्या प्रेमाची ती साक्ष आहे. मुले मोठी झाली म्हणजे एकटीचेही दाखवावे आणि त्यानंतर त्यांच्याशी वाद घालावा. कारण सीतेच्या वाट्याला आलेल्या प्रश्नाचे उत्तर आपण अजून दिलेले नाही. परंतु तिसरे एक रामायण अजून निघावयाचे आहे. पिंगुळीच्या पोथीची रेषा, किळ्ळेक्यातांच्या पडद्यामागचा आवाज आणि दशावताराची मोकळी जीभ ज्यात एकत्र येतील, आणि ज्यात राम व सीता या दोघांचीही बाजू ऐकली जाईल, असे ते असावे. त्याला साडेचारशे हात लागणार नाहीत, आणि एकाने ते होणारही नाही. एका कुटुंबाएवढे हात पुरेत, मात्र त्या कुटुंबात मतभेदाला जागा असावी.